मजुरीचे काम : तैवानची चिप आणि आपला माग

भिवंडीचे एक यंत्रमाग मालक अधूनमधून आमच्याकडे येतात. वय साठीच्या पुढचे, वडिलांच्या वेळेपासून घरात माग. मागच्या खेपेस आले ते जरा वैतागलेलेच होते. नातवाने बारावीनंतर चिपच्या कारखान्यात जाण्याचा हट्ट धरला होता. आम्ही त्याची बाजू घेऊन दोन शब्द बोललो तर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही लोक चिप चिप करता, त्यात आमचे काय? सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आमच्या वाट्याला पिकावर मोजलेली मजुरी. मजुरीवाल्याला जगात कोण विचारतो?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या वाचकांपैकी निम्मे तरी असे मजुरीवर काम करणारे असतील. कुणी ग्रे कापड विणतो, कुणी दुसऱ्याच्या नावाने पाकिटे शिवतो, कुणी लेथवर दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे सुटे भाग उतरवतो. उरलेले निम्मे ते काम देणारे. म्हणून हाजीसाहेबांना आम्ही जे सांगितले ते थोडे सविस्तर येथे मांडत आहोत. कारण असे की, आज जगात सर्वात जास्त मान आणि सर्वात जास्त दाम मिळवणारा चिपचा कारखाना हादेखील मजुरीवरच चालतो.

तो कारखाना तैवानचा. नाव टीएसएमसी. स्थापना 1987, गाव शिंचू. ही कंपनी स्वतःच्या नावाने एकही चिप बाजारात विकत नाही. नकाशा ग्राहकाचा, नाव ग्राहकाचे, विक्री ग्राहकाची. अ‍ॅपल, एनव्हिडिया, क्वालकॉम, एएमडी या बड्या कंपन्या चिपची रचना करतात. बनवून देते टीएसएमसी. आपल्या भाषेत याला सरळ 'जॉबवर्क' म्हणतात. आणि या जॉबवर्कमधून 2024 साली तिला सुमारे 90 अब्ज डॉलर मिळाले. शंभर रुपयांच्या मजुरीमागे उत्पादनाचा खर्च वजा जाता छप्पन रुपये तिच्या हाती राहिले. पिकामागे काही पैसे वाढवून मिळावेत म्हणून व्यापाऱ्याच्या पेढीवर ताटकळणाऱ्या आपल्या माणसाला हा आकडा खोटाच वाटेल.

मग दोन मजुरीवाल्यांत फरक कुठला?

एका माणसाची गोष्ट

मॉरिस चँग हे या कंपनीचे संस्थापक. जन्म 1931 चा, चीनमधला. अमेरिकेत शिकले आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पंचवीस वर्षे राबले. सर्वोच्च पद मिळणार नाही हे दिसल्यावर तेथून बाहेर पडले आणि 1985 साली तैवान सरकारच्या बोलावण्यावरून तेथील औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. वय तेव्हा चोपन्न. आपल्याकडे या वयात माणूस गल्ला मुलाच्या हाती देऊन बाजूला बसतो.

तैवानजवळ त्या वेळी फार काही नव्हते. 1976 साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याची विद्या विकत घेतली होती, तरुण इंजिनिअर तिकडे पाठवून शिकवून आणले होते. पण विद्या जुन्या पिढीची. रचनेत अमेरिकेशी टक्कर नाही, विक्रीत जपानशी नाही. चँग यांनी हिशेब मांडला तो असा. चिपची रचना करणारे हुशार लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत, पण कारखाना उभारण्याचे भांडवल त्यांच्याजवळ नाही. ते मोठ्या कंपन्यांच्या दारी जातात, मोकळी यंत्रे असतील तेव्हा काम करून घेतात. बाजार तेजीत आला की मोठी कंपनी आधी स्वतःचा माल काढते, यांना थांबवते. शिवाय आपला नकाशा तिच्या हाती पडला ही धास्ती वेगळीच. तेव्हा असा कारखाना हवा की जो फक्त दुसऱ्यांसाठी बनवील आणि स्वतः कधी दुकान थाटणार नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि इंटेल या दोघांनीही त्यात पैसे घालायला नकार दिला. हॉलंडची फिलिप्स कंपनी तयार झाली. तिने एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि सोबत तंत्र व पेटंटचे संरक्षणही दिले. जवळपास निम्मे भांडवल तैवान सरकारचे होते. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नुसत्या हुन्नरावर हा डोलारा उभा राहिला असे जे सांगतात ते अर्धेच सांगतात. जमीन, वीज, पाणी, शिकलेली माणसे आणि पहिला पैसा यांमागे सरकार होते.

इंटेलचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंटेलची माणसे शिंचूला कारखाना तपासायला गेली आणि दोषांची भलीमोठी यादी हातात ठेवून परतली. आपल्याकडे असा प्रसंग आला तर काय होते हे आम्ही पाहिले आहे. ताग्यात दोष निघाला की व्यापारी कापून घेतो, मागवाला भांडतो, शेवटी मधेच कुठेतरी तोड होते आणि दोष होता तिथेच राहतो. टीएसएमसीने त्या यादीतील एकेक दोष काढून टाकला आणि इंटेलचे काम मिळवले. इंटेलने पसंत केलेला कारखाना म्हटल्यावर बाकीचे ग्राहक आपोआप आले.

उतारा

चिप कशी बनते याचे थोडे वर्णन येथे केले पाहिजे, नाहीतर मुद्दा हवेत राहील. शुद्ध सिलिकॉनची आरशासारखी घासलेली चकती असते, मोठ्या कारखान्यांत बारा इंच व्यासाची. तिच्यावर प्रकाशाच्या साहाय्याने नकाशा उमटवायचा, कोरायचा, धातूचा थर द्यायचा, पुन्हा नकाशा, पुन्हा कोरणे. असे शेकडो टप्पे. नव्या चिपसाठी एक चकती कारखान्यातून बाहेर पडायला तीन महिने लागू शकतात. एका चकतीवर शेकडो चिपा असतात आणि धुळीचा एक कण, तापमानातील एक चूक यांनी त्यातल्या कितीतरी मरतात.

साखर कारखान्यात जसा उतारा पाहतात तसा येथेही उतारा पाहतात. शंभरातून साठ चिपा चांगल्या निघाल्या की नव्वद, यावर सगळा धंदा. यंत्रे पैसे मोजून मिळतात. सर्वात बारीक नकाशा उमटवणारे यंत्र जगात हॉलंडची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते आणि ते टीएसएमसीप्रमाणे सॅमसंग व इंटेलनेही घेतले आहे. पण साठाचे नव्वद करणारी अक्कल यंत्रासोबत येत नाही. ती हजारो छोट्या दुरुस्त्यांतून येते आणि त्या दुरुस्त्या लिहून ठेवाव्या लागतात. उस्तादाच्या डोक्यात असून भागत नाही.

येथे आम्हाला आपल्या लोकांना थोडे बोलायचे आहे. आपल्यात हुन्नर कमी नाही. मागाचा आवाज ऐकून कुठला भाग सैल झाला ते सांगणारे जॉबर आम्ही पाहिले आहेत. पण ते ज्ञान त्यांच्यासोबत कब्रस्तानात जाते. शागीर्दाला निम्मे सांगायचे, निम्मे झाकून ठेवायचे, ही आपली रीत. कोणत्या सुताला कोणत्या ऋतूत किती धागे तुटले, कोणत्या बीमवर किती खोट निघाली, याची वही आम्हाला एकाही कारखान्यात दिसली नाही. व्यापाऱ्याच्या खात्याची वही मात्र सगळ्यांकडे असते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. अ‍ॅपलच्या फोनमधील मुख्य चिप आधी कोरियाची सॅमसंग बनवून देत असे. सॅमसंग स्वतःही फोन विकते. 2011 साली दोघांत नक्कल केल्यावरून कोर्टबाजी सुरू झाली आणि पुढे 2014 पासून अ‍ॅपलचे हे काम तैवानकडे जाऊ लागले. सॅमसंगच्या कारागिरीत खोट होती असे नव्हे. स्मरणशक्तीच्या चिपांमध्ये तिने 1983 पासून जो जोर धरला त्याने जपानला मागे टाकले. पण आपला नकाशा आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या घरी ठेवायला कोण राजी होईल? एका व्यापाऱ्याचे डिझाइन दुसऱ्याच्या मागावर चढवून चार पैसे अधिक कमावणाऱ्यांना हे सांगायची गरज आहे.

पेनांगचे पन्नास वर्षे

आता दुसरी बाजू. मजुरीवर काम करूनही तैवानसारखे न झालेले ठिकाण म्हणजे मलेशियाचे पेनांग बेट. मलेशियात आपल्याकडून गेलेले व्यापारी आणि कामगार पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे नाव वाचकांना ओळखीचे असेल.

साठच्या दशकाअखेर पेनांगच्या बंदराचा जकातमाफीचा फायदा गेला आणि बेकारी माजली. मुख्यमंत्री लिम चोंग यू यांनी बायान लेपास येथे मुक्त व्यापार क्षेत्र काढले, करात सूट दिली आणि परदेशी कंपन्यांना हाक मारली. 1972 साली इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला जुळणीचा कारखाना तेथे सुरू केला. एएमडी, ह्युलेट पॅकार्ड, नॅशनल सेमिकंडक्टर, हिताची, बॉश मागोमाग आल्या.

तेथे काम कसले होते? चकत्या बाहेरून यायच्या. त्यांचे तुकडे करून, केसाहून बारीक सोन्याच्या तारेने टाके घालून, कवचात बसवून, तपासून परत पाठवायच्या. हे टाके खेड्यांतून आलेल्या तरुण मुली सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून घालत. जरीकाम करणाऱ्या आपल्या बायकांचे डोळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यापुढे सांगायला नको. त्यांना देशव्यापी संघटना करू दिली गेली नाही. कंपनीपुरत्या संघटनेची मुभा मिळायला 1988 उजाडले. आणि 1985 च्या सुमारास जगात मंदी आली तेव्हा हजारो कामगार घरी बसवले गेले. ज्या हातांच्या जागी दुसरे हात बसवता येतात त्यांच्यावर पहिला वार होतो.

तरी पेनांगला आम्ही अपयशी म्हणणार नाही. आज जगातील जुळणी, कवच आणि तपासणीच्या कामापैकी सुमारे तेरा टक्के मलेशियात होते. 1989 साली पेनांगमध्ये एक गोष्ट अशी झाली की जी आम्हाला तैवानच्या कारखान्याहूनही अधिक शिकण्यासारखी वाटते. तेथील सरकार आणि एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी मिळून एक कौशल्य विकास केंद्र काढले. कंपन्यांनी यंत्रे दिली, शिकवणारी माणसे दिली, काय शिकवायचे तेही त्यांनीच ठरवले. बायान लेपासच्या भोवतालच्या छोट्या लेथवाल्यांना या कंपन्यांचे साचे आणि पकडी बनवण्याचे काम मिळाले, त्यातले काही पुढे स्वतः यंत्रे बनवू लागले. ह्युलेट पॅकार्डच्या परिवारातून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी 2000 साली व्हिट्रॉक्स ही कंपनी काढली. ती चिपांची डोळ्यांनी तपासणी करणारी यंत्रे जगभर विकते. ज्या कामाने त्या मुलींचे डोळे गेले तेच काम आता यंत्राचा डोळा करतो आणि तो यंत्राचा डोळा पेनांगचा आहे.

पण चिप बनवण्याची मूळ विद्या पाहुण्यांचीच राहिली. पन्नास वर्षांनंतर, 2024 च्या मे महिन्यात, मलेशिया सरकारला राष्ट्रीय सेमिकंडक्टर धोरण जाहीर करावे लागले आणि 2025 साली ब्रिटनच्या आर्म कंपनीला दहा वर्षांत 25 कोटी डॉलर देऊन रचनेची विद्या घेण्याचा करार करावा लागला. जी फी तैवानने 1976 साली भरली ती मलेशिया आज भरत आहे.

सहाण बनवणारे आणि अजिनोमोटोवाले

हाजीसाहेब येथे म्हणाले, "म्हणजे शेवटी सरकार पाठीशी हवे, अब्जावधी हवेत. आमचे दहा माग." त्यांना आम्ही जपानच्या दोन गोष्टी सांगितल्या.

ऐंशीच्या दशकात जगातील चिपांचा निम्मा बाजार जपानचा होता. एनईसी, तोशिबा, हिताची ही नावे दबदब्याची. पुढे कोरियाने स्वस्त आणि चांगला माल काढला, अमेरिकेने 1986 च्या कराराने दाबले, आणि हे मोठे मोठे घसरत गेले. स्मरणशक्तीच्या चिपा बनवणारी एल्पिडा ही उरलीसुरली कंपनीही 2012 साली दिवाळ्यात निघाली. मोठ्या पाट्या उतरल्या. उतरले नाहीत ते त्यांच्या मागच्या गल्लीतले.

हिरोशिमाजवळच्या कुरे गावात 1937 साली सहाणेची चाके, म्हणजे घासायची चाके, बनवणारा एक लहान कारखाना निघाला. ते चाके पातळ, आणखी पातळ करत गेले. इतकी पातळ की ग्राहकांच्या यंत्रावर बसवली की तुटायची. तेव्हा चाकवाल्यांनी स्वतःच यंत्र बनवले. हीच आजची डिस्को कंपनी. सिलिकॉनच्या चकत्या कापणारी आणि घासून पातळ करणारी जगातील बहुतेक यंत्रे तिची असतात. तैवान असो, कोरिया असो, चकती कापायची तर तिच्याकडे जावे लागते.

दुसरी गोष्ट ऐकून हाजीसाहेब हसले. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड टाकतात ती ज्या कंपनीच्या नावाने ओळखली जाते ती अजिनोमोटो. त्या रसायनाच्या अभ्यासातून तिला विजेला अडवणारी एक पातळ पापुद्र्यासारखी फिल्म सुचली. 1999 पासून ती संगणकाच्या मुख्य चिपांच्या बैठकीत वापरली जाते आणि आज त्या कामात तिला जवळपास पर्याय नाही. चवीची पूड विकणाऱ्याचे दार कोविडनंतरच्या टंचाईत जगभरचे चिपवाले ठोठावत होते.

अशा गल्लीतल्या मालाचे वजन किती, ते 2019 च्या जुलैमध्ये दिसले. जपान आणि कोरियात जुना वाद पेटला होता. जपानने कोरियाला जाणाऱ्या फक्त तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. बाजारभावात ती रसायने किरकोळ. पण त्यातील दोन बहुतांश जपानमध्येच बनत होती. काही दिवसांतच सॅमसंगचे सर्वेसर्वा ली जे-योंग स्वतः विमानात बसून जपानला गेले. पिंपभर रसायनासाठी जगातील सर्वात मोठा स्मरणचिपवाला उंबरे झिजवतो, यातून लहान धंदेवाल्यांनी जे समजायचे ते समजावे.

साणंद म्हणजे 1972 चे पेनांग

आपल्या देशाची गोष्ट थोडक्यात. चंदीगडजवळच्या मोहालीत सरकारी चिप कारखाना 1984 साली सुरू झाला होता, म्हणजे टीएसएमसीच्या आधी तीन वर्षे. 1989 साली तो आगीत सापडला आणि त्यानंतर देशाने बरीच वर्षे हा विषयच सोडला. 2021 च्या डिसेंबरात केंद्राने 76,000 कोटींची योजना आणली. महाराष्ट्रात तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प 2022 साली गुजरातला गेला आणि 2023 साली फॉक्सकॉनने अंग काढून घेतल्यावर तोही मोडला. त्यावर आपल्याकडे राजकारण पुष्कळ झाले. 2023 साली मायक्रॉनने साणंदचा कारखाना जाहीर केला, 2024 साली टाटांच्या आसाममधील जागीरोड आणि गुजरातमधील धोलेरा येथील कारखान्यांना मंजुरी मिळाली. यातील धोलेरा येथे तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या तंत्राने चकतीच बनवायची आहे. साणंद आणि जागीरोड येथे मात्र जुळणी, कवच आणि तपासणी. म्हणजे 1972 चे बायान लेपास.

म्हणून नातवाच्या बाबतीत आमचे म्हणणे असे. त्याला जरूर पाठवा. पण चार महिन्यांचे 'चिप कोर्स' विकणारी जी दुकाने शहरोशहरी निघत आहेत तेथे पैसे भरू नका. यंत्र दुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक्स, रसायन यांचा दोन-तीन वर्षांचा पक्का पाया, आयटीआयचा असो की डिप्लोमाचा, तो घालून पाठवा. जुळणीच्या रांगेत बसणारे हात कंपनीला बदलता येतात. रांगेतील यंत्र बंद पडल्यावर ज्याला बोलावतात तो सहजी बदलता येत नाही.

आणि जे गिरणीच्या भंगारातले माग घेऊन वर्षानुवर्षे तेच ग्रे कापड काढत आहेत त्यांनी डिस्कोच्या चाकाचा विचार करावा. गाळणीचे कापड, पट्टे, दवाखान्यातले कापड असे एखादे अवघड विणकाम, जे शेजारच्या शंभर मागांवर निघत नाही, ते धरून त्यातला उतारा वाढवत नेणे हे दहा मागवाल्याला जमण्यासारखे आहे. पाच-सात जणांनी मिळून एक तपासणीचे टेबल आणि शिकवणारा एक माणूस ठेवणे हेही.

काम देणाऱ्या व्यापारी बंधूंना एक प्रश्न. फिलिप्सने मजुरीच्या कारखान्यात हिस्सा घेतला, विद्या दिली, आणि पुढे त्या हिश्शाचे तिला काही पटींनी मिळाले. आपण मागवाल्याला नव्वद-नव्वद दिवस पैशासाठी झुलवतो, त्याची मजुरी दाबून नफा काढतो आणि मग सुरतचे कापड सरस निघते म्हणून नाक मुरडतो. आपल्यातील किती जणांनी आपल्या विणकराच्या एका नव्या मागात भागीदारी केली आहे?

हाजीसाहेब उठताना पेनांगच्या केंद्रात यंत्रे कुणी दिली ते पुन्हा विचारून गेले. कंपन्यांनी, म्हटल्यावर मान हलवली. त्यांच्या गल्लीतील चौघांशी बोलतो म्हणाले. नातवाला सध्या त्यांनी वहीचे काम दिले आहे. कोणत्या मागावर, कोणत्या सुताला, किती वेळा धागा तुटला ते लिहायचे. पहिल्या आठवड्याची पाने आम्ही पाहिली. सहा क्रमांकाच्या मागावर बाकीच्यांच्या दुप्पट तूट आहे, आणि ते घरात आजवर कुणालाच ठाऊक नव्हते.